बूचकाकांची हवाबंद खोली

हवा तपासायला बाई येणार, म्हणून बूचकाकांनी आदल्या संध्याकाळी घरातली हवा धुऊन काढली.

फरशी फिनेलने पुसली. मग फिनेलचा वास जावा म्हणून सुगंधी पाण्याने पुसली. कपाटाला पॉलिश मारलं. खणांमधल्या डांबरगोळ्या काढून नव्या घातल्या. पडद्यांवर 'पहाटेचं रान' नावाचा फवारा इतका मारला, की पडदे ठिबकायला लागले. सगळं आटोपल्यावर दारात उभं राहून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि समाधानाने शिंकले.

"अहो, त्या हवा बघायला येतायत," काकू म्हणाल्या. "घर विकत घ्यायला नाही."

"तपासणी म्हटली की तयारी आली," काका म्हणाले. "आमच्या खात्यात साहेब पाण्याची टाकी बघायला यायचे, तर आम्ही जिन्याचे कठडेसुद्धा रंगवायचो."

"आणि टाकी?"

"टाकी आतून कोण बघतंय!"

बूचकाका हे काही त्यांचं नाव नव्हे, ती पदवी. सारी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात काढली होती. गळती दिसली की ती दुरुस्त करण्याआधी त्यांना तिचा राग यायचा, जणू पाण्याने शिस्त मोडली. निवृत्तीनंतर इमारतीत कुणाचा नळ ठिबको, कुणाच्या खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालो, काका रबराची पट्टी घेऊन हजर. त्यांनी बुजवलेली फट पुन्हा उघडली, असं कुणीही कधी पाहिलं नाही. लोक थट्टेने बूचकाका म्हणू लागले. काकांनी ती थट्टा इतकी मनावर घेतली, की दारावरच्या पाटीवर तेवढं लिहायचं बाकी राहिलं.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे झोपायची खोली. काकू अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. आवाज असा, की विजेच्या बिलामागच्या सूचना वाचल्या तरी माणसाने पुढे काय होतं म्हणून थांबावं. पण खिडकीखालीच गॅरेज. तिथे सकाळपासून पत्रे ठोकायचे, हॉर्न तपासायचे, आणि हॉर्न चालतोय हे एकदा कळलं तरी खात्री होईपर्यंत वाजवायचे. काकूंच्या एका कोमल प्रेमकथेत नायिका होकार देते त्याच क्षणी ट्रकचा हॉर्न वाजला होता. ग्रंथालयाने ती प्रत परत पाठवली.

काकांना प्रेमाचे दोन शब्द कधी जमले नाहीत. त्यांनी खोली करून दिली. खिडकीला आणखी एक काच, कडेने रबर, रबराच्या कडेने फटीत लांबी भरलेली. भिंतींना स्पंज. दाराखाली जाड पट्टी, कुलपाच्या भोकाला झाकण. इमारत बांधणाऱ्याने खिडकीवर ठेवलेला झरोका सिमेंटने बंद. शेवटी त्यांनी काकूंना आत बसवलं, दार लावलं आणि बाहेरून पातेल्यावर डाव आपटत सुटले. दार उघडल्यावर काकू म्हणाल्या, "काय हो, सुरुवात कधी करताय?" त्या दिवशी काका जेवताना दोनदा स्वतःशी हसले.

आणि मग काकूंना जांभया यायला लागल्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचता वाचता काकू थांबायच्या, डोकं दाबायच्या. त्याच खोलीत झोप. सकाळी उठल्यावर चेहरा असा, की यांनी रात्रभर पोती उचलली असावीत. शब्दाच्या शेवटी घसा खवखवायचा. त्या एका गिर्यारोहणाचं जाडजूड पुस्तक वाचत होत्या. त्याचे पहिले भाग गेल्यावर ग्रंथालयातून ध्वनितपासनीसाचा फोन आला. हा तरुण स्वतः जन्मांध, पण कान असे, की वाचणाऱ्याने चष्मा बदलला तर त्याला कळावं. आणि जीभही कानांइतकीच धारदार.

"काकू, वाचन सुंदर. पण एक सांगू? वादळात तंबू उडालाय, दोर तुटलाय, आणि तुमचा गिर्यारोहक जांभई देतोय."

"जांभई मी गिळली होती रे!"

"गिळलेलीच ऐकू आली. दिलेली तरी बरी असते."

काकूंनी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, "हे पुस्तक पुरं करते आणि थांबते. वय झालं माझं. आवाज दमायला लागला."

काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. गेली कित्येक वर्षं घरात दोनच गोष्टी घड्याळासारख्या चालत होत्या: काकांची दुरुस्ती आणि काकूंचं वाचन. त्यातलं एक थांबणार म्हणजे काय, हे त्यांना नीटसं कळेना. पण नळाची मूठ फिरवावी आणि पाणीच येऊ नये, तसं त्यांना वाटलं. त्यांनी काकूंच्या नकळत तपासनीसाला फोन लावला आणि साहेबी आवाजात म्हणाले, "वयाचा प्रश्न आहे, तुम्ही जरा सांभाळून बोला."

"वयाचा नाही हो काका," तो म्हणाला. "वय असतं तर पहिल्या पानापासून दिसलं असतं. काकू दार लावून बसतात तेव्हा आवाज पंचविशीतला असतो. अर्ध्या तासाने साठीतला होतो. चहा पिऊन परत आल्या की पुन्हा पंचविशी. माणूस असा पुढेमागे होत नाही. तुमच्या खोलीत काहीतरी आहे. आमच्या स्टुडिओची हवा तपासणाऱ्या बाई आहेत, त्यांना बोलवा."

अशा रीतीने हवाबाई आल्या.

हवाबाई हे नाव समोरच्या वहिनींनी पाडलं आणि जिना उतरेपर्यंत ते इमारतभर झालं. बाई अभियंता होत्या, उंच, चाकांच्या पेटीसकट, आणि स्वतःच्या विद्येबद्दल त्यांना तिळमात्र संकोच नव्हता. दार उघडताच त्यांनी नाक वर केलं.

"फिनेल. पॉलिश. डांबरगोळ्या. आणि हे चौथं काय?"

"पहाटेचं रान," काका अभिमानाने म्हणाले.

बाईंनी पेटीतून जेवणाच्या डब्याएवढं यंत्र काढलं आणि दिवाणखान्यात ठेवलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि लाल होऊन ओरडायला लागलं.

"तुम्ही माझ्यासाठी साफसफाई केलीत?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर..."

"काका, डॉक्टरकडे जाताना कुणी दुसऱ्याचं रक्त भरून जातं का?" बाई हसल्या, पण यंत्र उचलून परत पेटीत ठेवलं. "या घराची हवा मला आज भेटलीच नाही. चार दिवस सगळं उडून जाऊ द्या. मग मी यंत्र ठेवून जाईन. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा."

नेहमीसारखं वागा! मध्यमवर्गीय माणसाला यापेक्षा अवघड काम सांगून बघा. समोर कॅमेरा धरला तर माणूस मान ताठ करतो. इथे तर घरात श्वास मोजणारं यंत्र येऊन बसलं होतं, आणि तेही झोपायच्या खोलीत, टेबलावर, हिरवा डोळा मिचकावत. काका त्याच्यासमोरून जाताना बनियनवर सदरा चढवायचे. फोडणीसुद्धा काकूंनी गॅस बारीक ठेवून, जणू कुणी आजारी आहे अशा बेताने दिली. वर राहणारे मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, यंत्र बघायला आले आणि त्याच्यापुढे उभे राहून नकळत "उपस्थित" म्हणाले.

यंत्र घेऊन जायला बाई आल्या, तेव्हा आकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "कमाल आहे. डिंकाचा थोडा वास सोडला, तर या खोलीची हवा डोंगरावरच्या हवेइतकी स्वच्छ दिसतेय."

काकांनी निकाल ऐकायला आलेल्या वहिनींकडे, वहिनींनी मास्तरांकडे आणि मास्तरांनी छताकडे पाहिलं. "मी म्हणत नव्हतो?" काका म्हणाले. त्यांनी तसं काहीच म्हटलेलं नव्हतं.

"खोलीत कोण झोपत होतं?"

"कोणीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, तुमचं यंत्र होतं ना आत," काका म्हणाले. "आमच्या श्वासांनी त्याचं माप बिघडलं असतं. आम्ही दिवाणखान्यात झोपलो. हिने वाचनसुद्धा स्वयंपाकघरात केलं."

बाई आधी टेबलाला धरून हसल्या, मग खुर्चीत बसून. काकूसुद्धा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तेव्हा काकांना जरा वाईट वाटलं. त्यांनी पाहुण्या यंत्राला स्वतःची खोली दिली होती. याहून जास्त एखादा गृहस्थ काय करणार?

"आता मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही," हवाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता मी स्वतः आत बसणार. काकू, तुम्ही वाचा. काका, तुम्हीही या. दार लावा."

काकूंनी पुस्तक उघडलं. शिखराच्या अलीकडची छावणी. बर्फ, वारा, एकाला एक बांधलेली माणसं. काकूंचा आवाज लागला आणि हवाबाईही यंत्र विसरून ऐकू लागल्या. काका मात्र यंत्राकडे बघत होते. आकडा चढत होता. पान उलटलं की चढायचा, नाही उलटलं तरी चढायचा. तेव्हा त्यांना एक कल्पना सुचली. या आकड्यात आपला तरी वाटा नको, म्हणून त्यांनी श्वास धरला.

गळती विभागाचा माणूस. धरलेली गोष्ट सहज सोडणार नाही. चेहरा गुलाबी झाला, मग लाल, मग वांग्याच्या रंगाकडे झुकला. आणि गिर्यारोहक अरुंद कड्यावर पहिलं पाऊल टाकतो त्या नाजूक क्षणी काकांच्या छातीतून असा फुस्कारा सुटला, की काकूंच्या हातातून पुस्तक पडलं.

"काका, तुम्ही कितीही कंजुषीने श्वास घेतलात, तरी बाकीचा हिशोब खोलीच करतेय," हवाबाई म्हणाल्या आणि यंत्र फिरवून दाखवलं. "बाहेरच्या हवेत हा आकडा चारशेच्या आसपास असतो. आपण उच्छ्वासातून सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा हा आकडा. इथे आत्ता दोन हजारांच्या वर गेलाय. तुम्ही दोघं रात्रभर झोपता, तेव्हा पहाटे किती होत असेल बघा. हे विष नाही, घाबरू नका. पण डोकं जड होतं, झोप येते. वर या स्पंजाच्या डिंकाचा वास आतच फिरतोय, तो घशाला. काकूंना काही झालेलं नाही. त्या शिळी हवा खातायत."

शिळी! काकांच्या घरात काल सकाळचं दूधसुद्धा कुणी शिळं म्हणत नसे. त्यांनी खाली बघितलं. काकूंसाठी बांधलेली खोली, आणि तिनेच काकूंचा आवाज खाल्ला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते बघून हवाबाई उठल्या, खिडकीच्या रबरावरून बोट फिरवत गेल्या, कोपऱ्यात थांबल्या, दाराच्या पट्टीपाशी गुडघे टेकून बसल्या.

"हे कुणी केलंय?"

"मी," काका म्हणाले, गुन्हा कबूल करावा तसे.

"कोपऱ्यात रबर पंचेचाळीस अंशात कापलंय. काका, प्रयोगशाळेतल्या खोल्या मी तपासते. पैसे घेऊन काम करणारे इतकं नेटकं करत नाहीत. एवढी घट्ट खोली मी पाहिलेली नाही." त्या खरंच कौतुकाने बघत होत्या. "हे मोडायचं नाही. घट्ट खोली वाईट नसते. तिला फक्त नाक लागतं."

बुडत्याला काडी मिळावी तसे काका त्या वाक्याला धरून राहिले.

नाक म्हणजे काय, हे बाईंनी कागदावर काढून दाखवलं. बाहेरच्या भिंतीला, बुजवलेल्या झरोक्याच्या जागी, एक गोल भोक, त्यातून गाळणीतून हवा आत ओढणारा छोटा पंखा, आणि मध्ये आतून स्पंज लावलेली वळणावळणाची पेटी. हवा वळणं घेत येते, आवाज वळणांत दमतो. शिळी हवा जायला दारावर जाळी, तिलाही तशीच वळणं.

पण आपल्याकडे अभियंत्याने सांगितलं म्हणून कुणी लगेच भोक पाडतो का? शेजारी कशाला आहेत?

"खिडकी उघडा की सरळ," वहिनी म्हणाल्या. खिडकी उघडली. गॅरेजवाल्यांनी त्याच वेळी एक दार ठोकायला घेतलं; गिर्यारोहकांच्या छावणीवर पत्रे कोसळले. "मग कांदा कापून ठेवा. कांदा सगळं ओढून घेतो." काकूंनी कांदा ठेवला आणि वाचायला बसल्या. दुसऱ्या दिवशी तपासनीसाचा फोन: "काकू, या पानावर नुसतं सामानाचं वजन केलंय. तुम्ही रडताय का?" मास्तरांनी झाडांचं शास्त्र सांगितलं. त्यांच्या मते वनस्पती आणि मनुष्य यांचा करार फार जुना होता. काकांनी इतक्या कुंड्या आणल्या, की पलंगावर चढायला पानं बाजूला करावी लागली. चिलटं झाली. एक चिलट मायक्रोफोनवर बसून काकूंबरोबर एक अख्खा परिच्छेद वाचून गेलं.

"झाडं सुंदर आहेत," हवाबाई फोनवर म्हणाल्या. "पण दोन माणसांच्या श्वासाला पुरतील इतकी ठेवलीत, तर माणसांना बाहेर झोपावं लागेल."

शेवटी काका सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, भिंतीला भोक पाडायची परवानगी मागायला. सेक्रेटरी नुकत्याच रंगवलेल्या इमारतीकडे दिवसातून तीनदा खाली उतरून बघायचे. त्यांनी शांतपणे कपाट उघडलं.

"बाहेरच्या भिंतीला कोणत्याही कारणाने भोक पाडता येणार नाही. सोसायटीचा ठराव आहे."

"असला ठराव कुणी मांडला?" काका तावातावाने म्हणाले. "अक्कल नावाची चीज आहे की नाही?"

"तुम्ही मांडलात. रंगकामाच्या वेळी. 'एक भोक म्हणजे भावी गळती' हे वाक्यही तुमचंच. आम्हाला फार आवडलं होतं."

काका घरी आले आणि खुर्चीत बसले. आयुष्यात त्यांनी बुजवलेलं काही उघडलं नव्हतं. आणि आज उघडायचं होतं, तर बूच त्यांनीच मारलेलं.

काकूंनी पुस्तक मिटलं. "जाऊ द्या. उरलेली पानं मी थांबत थांबत वाचून टाकते. एकदा संपलं की सुटलो सगळे. तुमचीही दगदग नको."

"तुझं वाचन थांबणार नाही," काका म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "मी कमिटीपुढे माझाच ठराव मागे घेईन. हसू दे सगळ्यांना."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ठराव मागे घेणारे बूचकाका! म्हणजे नदीने उलटं वाहायची तयारी दाखवली होती. त्यांनी खिडकीच्या रबराकडे आणि मग दाराखालच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मीटिंग आपल्याकडे बोलवा. या खोलीत. इथे शांतता छान असते. चर्चेला बरी."

रविवारी सकाळी कमिटी आली. सेक्रेटरी, मास्तर, खजिनदार म्हणून वहिनी, आणखी दोन सभासद आणि काका. पलंगाची गादी भिंतीला उभी करून काकूंनी खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे बसल्यावर त्यांनी हवाबाईंकडून मागून आणलेलं यंत्र खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, "गॅरेज सुरू झालंय, दार लावते हं. मी बाहेर बसते, तुम्ही मोकळेपणाने बोला."

दार लागलं. गॅरेजचा ठोका तत्क्षणी नाहीसा झाला. एक सभासद म्हणाला, "वा, काय शांत आहे हो!" आणि काका नाही म्हटलं तरी फुलले.

सेक्रेटरी उभे राहिले. सुरुवात त्यांनी जोरात केली. नवा रंग, सोसायटीची शिस्त, आज एक भोक तर उद्या चाळण. काका उत्तर द्यायला उठले, ठराव मागे घेतो म्हणाले, गळती विभागाची शपथ घेऊन सांगितलं की भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला राहील. सेक्रेटरींनी त्यावर आक्षेप घेतला. आक्षेपावर मास्तरांनी मूलभूत मुद्दा मांडला. मूलभूत मुद्दा लांब होता.

सेक्रेटरींचा दुसरा आक्षेप पहिल्याहून सावकाश आला. तिसऱ्या आक्षेपाच्या मध्यावर त्यांनी कपाळ चोळलं आणि विचारलं, "मी काय म्हणत होतो?"

"चाळण," वहिनींनी सांगितलं आणि मोठी जांभई दिली. ती जांभई तिथून सुटली आणि कमिटीभर फिरून आली. एका सभासदाने सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. दुसऱ्याची मान हळूहळू मास्तरांच्या खांद्याकडे निघाली, आणि मास्तरांनी ती शिकवण्याच्या सवयीने सरळ करून परत ठेवली. मुद्दा मात्र त्यांचाही हरवला. ते "तिसरी गोष्ट" म्हणाले आणि तिसरी गोष्ट काय ते आठवेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

काकांची नजर सहज खिडकीकडे गेली. यंत्र लाल झालं होतं. आकडा बाईंच्या वेळेपेक्षा कितीतरी वर.

आणि मग त्यांच्या जड डोक्यात लख्ख उजेड पडला. शांतता छान असते. चर्चेला बरी. मी बाहेर बसते. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला फार तर चांगलं वाचणारी समजत होतो! त्यांना उठून दार उघडावंसं वाटलं आणि टाळीही वाजवावीशी वाटली. दोन्हीही करायचा कंटाळा आला, म्हणून ते नुसते बघत राहिले.

सेक्रेटरींनी डोळे मिटून "सबब" म्हटलं आणि पुढे काहीच म्हटलं नाही, तेवढ्यात काकूंनीच दार उघडलं.

गॅरेजचा ठोका, शेजारचा रेडिओ आणि वारा एकदम आत आला. कमिटी एकामागून एक बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली आणि पाण्यातून वर आल्यासारखी श्वास घेऊ लागली.

"माफ करा हं," काकू म्हणाल्या. "फसवून मत घ्यायचं नव्हतं, म्हणून बाहेर आणलं. मत इथे द्या, मोकळ्या हवेत. आत तुम्हाला झालं ना, ते मला रोज होतं. मला वाटलं, म्हातारपण आलं. पण अजून वाचायचंय मला."

सेक्रेटरींनी घाम पुसला. त्यांना आपली झोप आपल्या भाषणामुळे आली नाही, याचं फार बरं वाटत असावं.

"ठराव मांडणाऱ्यानेच मागे घेतलाय," ते अखेर म्हणाले. "भोक भिंतीच्या रंगाच्या जाळीने झाकायचं. आणि रंग मी स्वतः मिसळून देणार."

"मी अनुमोदन देतो," मास्तर म्हणाले. "तिसरी गोष्ट हीच होती."

भोक पाडायच्या दिवशी मिस्त्रीने ड्रिल भिंतीला लावलं, तेव्हा काका दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. पण पेटी त्यांनीच बनवली. हवाबाईंनी दोन वळणं काढून दिली होती. काकांनी पाच केली, भिंतीत आणि दारावरच्या जाळीमागेही, प्रत्येक कोपरा पंचेचाळीस अंशात. बाईंनी आत हात घालून तपासलं, पंखा सुरू केला, कागदाची पट्टी हवेत हलली, आणि खोलीत आवाज म्हणून काही आला नाही. "ही पेटी मी पुढच्या घरी दाखवायला नेऊ का?" त्यांनी विचारलं. काकांनी लगेच दुसरी करायला घेतली. भिंतीवरचा डिंकाचा स्पंज त्यांनी खरवडून काढला आणि जाड चादरी ताणून लावल्या. सकाळी काकू उठल्या आणि चहाच्या आधीच गुणगुणायला लागल्या, तेव्हा काकांनी उगाचच नळ तपासला.

शिखराचा भाग काकूंनी एका बैठकीत वाचला. काका बाहेर पॅसेजमध्ये, दारावरच्या जाळीखाली स्टूल टाकून बसले होते, कुणी बेल वाजवू नये म्हणून पहारा. जाळीतून काकूंचा आवाज पुसटसा येत होता. थकलेली माणसं, पुढे शेवटचा चढ, आणि मग पाय ठेवायला वर काही उरत नाही ती जागा. आवाज तास उलटला तरी पंचविशीतलाच होता.

दोन दिवसांनी तपासनीसाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर ठेवला. काका पेपरामागे होते.

"काकू, एक जांभई नाही. दिलेली नाही, गिळलेली नाही. मी कामाचं विसरून ऐकत बसलो. पुढचं पुस्तक पाठवतोय, नाही म्हणायचं नाही."

"पाठव," काकू म्हणाल्या.

"फक्त एक गोष्ट. हॉर्न नाही, ठोकाठोक नाही, बाहेरचं काहीही नाही. पण ते शिखरावर पोचतात ना, तिथे लांबून कोणीतरी 'वा!' म्हणतंय. पुरुषाचा आवाज. पाच वळणं घेऊन आल्यासारखा. काढून टाकू?"

पेपर एकदम नाकाला टेकला. पेपराच्या वर दिसणारे दोन्ही कान वांग्याच्या रंगाकडे झुकले.

काकूंनी त्या कानांकडे बघितलं.

"नको काढूस," त्या म्हणाल्या. "ती आमच्या घरातली हवा आहे."